उन्हाने करपलेली कातडी आणि लेसरचा उपचार



लागण, पाणी, खत आणि हप्ता यांविषयी आपण या पानांवर नेहमी वाचता. या अंकातला विषय थोडा निराळा आहे, पण तोही बांधावरचाच आहे. आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसाच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडेवर, खालच्या ओठावर डाग, चट्टे, खरखरीत खपल्या दिसू लागतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. थोडे मात्र असे असतात की, वेळीच लक्ष दिले नाही तर पुढे त्यांचा कर्करोग होऊ शकतो. अलीकडे शहरात आणि तालुक्याच्या गावीही 'लेसरने डाग घालवा' अशा पाट्या दिसतात. त्यामुळे "लेसर करून घ्यावा काय?" असा प्रश्न सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे : डाग कशाचा आहे ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, लेसरचे मग पाहा. हा क्रम उलटा झाला तर पैसा जातोच, पण कधी कधी चेहरा आणि जीवही पणाला लागतो. असे का, ते या लेखात सांगत आहोत.

ऊन आणि किरणे

ऊन म्हटले की आपल्याला उष्णता आठवते. 'ऊन लागले' म्हणजे ताप आला, चक्कर आली असे आपण समजतो. परंतु कातडीचे जे नुकसान होते ते मुख्यतः उष्णतेने होत नाही, सूर्याच्या अतिनील किरणांनी होते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. आपल्या भागात हवा सर्वांत तापते ती दुपारी तीनच्या सुमारास. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य डोक्यावर असतो तेव्हा, म्हणजे साडेबाराच्या आगेमागे, सर्वांत जास्त असतो. छत्रपती संभाजीनगर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो व भर दुपारी सावली पायाखाली जाते. जुलैत ढग असतात आणि हवा गार असते, तरी पातळ ढगांतून किरण येतच राहतात. "आज काही ऊन नाही" असे म्हणून आपण दिवसभर आडसालीची लागण करतो, तेव्हाही कातडीच्या खात्यावर थोडे थोडे कर्ज चढत असते.

हे कर्ज म्हणजे काय? कातडीच्या प्रत्येक पेशीत तिने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे याचा जणू लेखी हुकूम असतो. अतिनील किरणांनी त्या लिखाणात चुका होतात. शरीर त्या दुरुस्त करते, पण सगळ्याच नाही. वीस-तीस वर्षांत चुका साठत जातात आणि काही पेशी हुकूम मोडून वेड्यावाकड्या वाढू लागतात. आपल्या सावळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य यापासून मोठे संरक्षण देते. म्हणूनच गोऱ्या लोकांच्या देशांत हा रोग जितका दिसतो तितका आपल्याकडे दिसत नाही. परंतु कमी दिसतो म्हणजे होतच नाही, असे नव्हे.

कर्कपूर्व चट्टा कसा ओळखावा

उन्हाने होणाऱ्या या चट्ट्याला वैद्यकशास्त्रात 'अ‍ॅक्टिनिक केराटोसिस' म्हणतात. नाव अवघड आहे, पण खूण सोपी आहे. तो डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. बोट फिरवले की जागा काचकागदासारखी खरखरीत लागते. वर कोरडी, चिकटलेली खपली असते. ती निघते आणि काही दिवसांत पुन्हा त्याच जागी धरते. रंग तांबूस, तपकिरी किंवा कातडीसारखाच असतो. टक्कल, कपाळ, नाक, गाल, कानाची कड, खालचा ओठ आणि हाताची पाठ या त्याच्या नेहमीच्या जागा, कारण याच जागा उघड्या राहतात.

असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलतो, असे समजून घाबरून जाऊ नये. शंभर चट्ट्यांमागे वर्षाला एकाहूनही कमी चट्टा बदलतो असे बहुतेक अभ्यासांत आढळले आहे. काही तर आपोआप जातात. पण नेमका कोणता बदलेल हे नुसते पाहून सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, चट्टा एकटा नसतो. त्याच्याभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीनेही तेवढेच ऊन खाल्लेले असते. एका बेटावर रोग दिसला की आपण सगळा फड फिरून पाहतो, तसेच डॉक्टर सगळा चेहरा तपासतात.

काय नव्हे, तेही सांगितले पाहिजे. गालावरचे वांग हा कर्करोग नव्हे आणि त्याची पहिली पायरीही नव्हे. लहानपणापासूनचा, न बदलणारा तीळ, चामखीळ, उतारवयात गालावर आणि मानेवर येणारे बारीक काळे मस, हे सहसा निरुपद्रवी असतात.

आपल्यापैकी कोणी जास्त जपावे

भारतातील एकूण कर्करोगांत कातडीच्या कर्करोगाचा वाटा थोडा आहे. परंतु पुढील माणसांनी डोळ्यांत तेल घालून जपले पाहिजे.

ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नसते, केस पांढरे-पिवळसर असतात आणि उजेडात डोळे दिपतात, अशी मुले काही घरांत असतात. त्यांना उन्हाचा धोका सर्वांत मोठा. अशा मुलाला शेतात उघड्यावर कामाला लावूच नये.

ज्यांचे मूत्रपिंड बदलले आहे आणि ज्यांना शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम चालू आहेत, त्यांनी.

ज्यांच्या अंगावर भाजल्याचा जुना वण आहे, त्यांनी. गुऱ्हाळाच्या काहिलीचा रस उडून किंवा चुलाणाशी भाजून वर्षानुवर्षे राहिलेला वण मध्येच फुटतो, चिघळतो आणि भरत नाही. अशा वणात कर्करोग होऊ शकतो. तो उन्हाने झालेला नसतो, पण दुर्लक्ष मात्र तसेच होते.

बिडी ओढणारांनी आणि ओठात तंबाखू धरणारांनी. खालचा ओठ पुढे आलेला असतो. त्याच्यावर ऊन सरळ पडते, आणि वर तंबाखूची भर. ओठ सतत फाटतो, पांढरट पडतो, ओठाची कड पुसट होते, ही लक्षणे थंडीची म्हणून सोडून देऊ नयेत.

कोड असलेल्यांनी पांढरा डाग उन्हात झाकावा, कारण तो लवकर भाजतो. कोड म्हणजे कर्करोग नव्हे, हेही मुद्दाम नमूद करतो.

कातडीच्या कर्करोगाचे कारण प्रत्येक वेळी ऊनच असते असे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी 1945 साली कमरेला घट्ट धोतर बांधून वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे 'धोती कॅन्सर' म्हणूनच तो ओळखला जाऊ लागला. सांगायचे एवढेच की, कातडीला रोज एकच त्रास होत राहिला की ती एक दिवस बिघडते.

लेसर म्हणजे काय

लेसर हे औषध नव्हे, यंत्र आहे. साधा उजेड चहूकडे पसरतो. लेसरचा उजेड एकाच रंगाचा आणि एका बारीक झोतात जाणारा असतो, म्हणून त्याची सगळी शक्ती टाचणीच्या टोकाएवढ्या जागी उतरवता येते. 1960 साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला. कातडीच्या कामासाठी जो लेसर फार वापरला जातो तो कार्बन डायऑक्साईड वायूचा. तो ज्यांनी शोधला, ते सी. कुमार पटेल 1938 साली आपल्या महाराष्ट्रात, बारामतीला जन्मले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि 1964 साली तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला. उसाच्या मुलखात जन्मलेल्या माणसाचे हे यंत्र आज जगभरच्या दवाखान्यांत चालते, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

या लेसरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्यात चटकन शोषला जातो, आणि कातडीत तर बहुतांश पाणीच. झोत पडला की वरच्या थरातले पाणी क्षणात उकळते आणि तो थर वाफ होऊन उडून जातो. डॉक्टर एकेक पातळ थर असा काढत जातात. खालची चांगली कातडी आणि केसांच्या मुळांभोवतीच्या पेशी वाढून नवी कातडी धरते. दुसऱ्या एका पद्धतीत झोताचे बारीक ठिपके पाडतात आणि मधली कातडी तशीच ठेवतात. त्यात जखम लवकर भरते, पण रोगट थर सगळाच्या सगळा निघत नाही. म्हणून या पद्धतीचा उपयोग कधी कधी औषध खोलवर मुरवण्यासाठी करतात. ओठाच्या कर्कपूर्व बिघाडात आणि चेहऱ्यावर पुष्कळ चट्टे असतील तेव्हा लेसर उपयोगी पडतो.

आधी नमुना, मग लेसर

आता मुख्य मुद्दा. लेसरने जे उडाले त्याची वाफ झाली. तपासायला काही उरत नाही. गाळपाला उसाचा फड घेण्याआधी आपण रसाचा नमुना काढून साखर किती ते पाहतो. तसाच संशयित चट्ट्याचा तांदळाएवढा तुकडा जागा बधिर करून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यालाच बायोप्सी म्हणतात. "तुकडा काढला की रोग पसरतो," असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो खरा नाही. कातडीचा तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. उलट, तुकडा न काढता वरवर जाळल्याने रोग झाकला जातो.

याचे कारण असे की, कर्कपूर्व चट्टा कातडीच्या वरच्या थरात असतो आणि कर्करोग खाली उतरलेला असतो. वरचा थर जाळला तर जागा काही महिने साफ दिसते, पण मूळ आत वाढत राहते. उसावर काणी आली की आपण नुसता चाबूक छाटत नाही, बेट मुळासकट उपटून नष्ट करतो. खाली उतरलेल्या कर्करोगालाही कडेची चांगली कातडी धरून शस्त्रक्रियाच करावी लागते. तिथे लेसरने वरवर जाळण्याचे काम नाही.

आपल्या सावळ्या कातडीत आणखी एक फसवणूक होते. कातडीच्या कर्करोगाचा एक प्रकार आपल्या लोकांत पुष्कळदा काळ्या, चकचकीत गाठीसारखा दिसतो. लोकांना तो तीळ वाटतो. ब्युटी पार्लरमध्ये किंवा जत्रेतल्या तीळ काढणाराकडे चुन्या-क्षाराने, सुईने तो जाळून घेतला जातो. नाकाजवळची किंवा डोळ्याजवळची गाठ अशी दोन-तीनदा जाळली गेली की पुढे शस्त्रक्रिया मोठी करावी लागते.

लेसरशिवाय इतर उपाय

लेसर हा एकच उपाय नाही, आणि प्रत्येक वेळी पहिलाही नाही. एक-दोन चट्टे असतील तर द्रव नायट्रोजनने ते गोठवतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या डब्यात येतात, त्यातलाच हा नायट्रोजन, उणे 196 अंश थंड. काम मिनिटाभरात होते, फक्त सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो.

चट्टे पुष्कळ असतील तर फ्लुरोयुरॅसिल नावाचे मलम काही आठवडे लावायला देतात. जागा लाल होते, सोलते, खपल्या धरतात, आणि माणूस घाबरून मलम बंद करतो. वास्तविक औषध काम करीत असल्याची ती खूण असते. नेदरलँड्समध्ये 624 रुग्णांवर चार उपचारांची तुलना करून 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दोन मलमे, एक जेल आणि औषध लावून उजेड टाकण्याचा उपचार होता. वर्षभराने पाहता फ्लुरोयुरॅसिल लावलेल्यांपैकी शेकडा सुमारे 75 जणांना चांगला गुण टिकला. बाकीचे तिन्ही उपचार मागे पडले. या तुलनेत लेसर नव्हता. पण महाग यंत्राचा उपचार तोच चांगला, असे गृहीत धरण्याचे कारण नाही, एवढे यावरून दिसते. हे मलम मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावावे. गरोदर स्त्रियांनी ते वापरायचे नसते.

मेडिकलच्या दुकानातून डाग जाण्याची ट्यूब मागून आणणे तर अजिबात नको. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉईड असते. चार दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ पडते, लाल होते, आणि खरा रोग झाकला जातो.

लेसर ठरलाच तर

डॉक्टरांनी तपासून लेसरच सुचवला, तर काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. नमुना तपासला काय आणि त्याचा लेखी अहवाल कोठे आहे? यंत्र चालवणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे काय? किती वेळा यावे लागेल आणि एकूण खर्च किती? पूर्वी ओठावर जर आली असेल, भाजलेल्या जागी गाठीसारखा वण धरत असेल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आपण होऊन सांगावे.

लेसरच्या वेळी डोळ्यांवर संरक्षण बसवतात आणि जागा बधिर करतात. नंतर जखम ओलसर राहते, सूज येते. वरची कातडी धरायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि लाली त्याहून पुष्कळ जास्त दिवस टिकते. या काळात उन्हात जाणे, धुळीत काम करणे, खपली ओरबाडणे वर्ज्य. आपल्या रंगाच्या कातडीवर लेसरनंतर काळे डाग पडण्याचा संभव गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो, आणि ऊन लागले तर तो आणखी वाढतो. सबब लागण किंवा तोडणी ऐन भरात असताना हा उपचार करून घेऊ नये. पंधरा दिवस सावलीत बसता येईल अशी वेळ पाहावी. एकदा लेसर झाला म्हणजे जन्माची मिटली, असेही नाही. कातडी तीच आहे, नवे चट्टे येऊ शकतात. वर्षातून एकदा दाखवत राहावे.

मूळ उपाय आपल्या हाती

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात नॅम्बर नावाचे गाव आहे. आपल्यासारखेच उसाचे गाव. तिथला साखर कारखाना 1897 पासून 2003 पर्यंत चालला आणि उसाच्या छोट्या आगगाड्या गावच्या रस्त्यावरून जात असत. त्या गावात 1992 ते 1996 या काळात 1,621 माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्या लोकांना रोज सकाळी डोके, मान, हात यांवर उन्हापासून रक्षण करणारे मलम लावायला दिले. बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वागायचे होते. रोज मलम लावणारांत कातडीच्या एका मुख्य प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी शेकडा सुमारे 40 ने कमी आढळल्या. कर्कपूर्व चट्टे वाढण्याचे प्रमाणही घटले. मोठ्या वयात सुरुवात करूनही फायदा होतो, हे यातून दिसले.

ती माणसे गोरी होती, आपण सावळे आहोत. म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण उघड्यावर काम करणाराला धोका असतो, हे जगाने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2023 च्या अंदाजानुसार, 2019 साली 183 देशांत मिळून सुमारे 19,000 माणसे उन्हात काम केल्याने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाने दगावली.

आपल्याला महाग मलमाआधी स्वस्त उपाय पुष्कळ आहेत. आपली पांढरी टोपी डोके झाकते, पण नाक, कान आणि ओठ उघडेच ठेवते. टोपीवरून उपरणे किंवा गमछा असा घ्यावा की कान आणि मान झाकली जाईल. फेटा चांगलाच, रुंद काठाची हॅट त्याहून चांगली, तिची लाज बाळगू नये. बाया खुरपताना पदर पुढे ओढून घेतात आणि साडीवरून पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, ते शहाणपणाचेच आहे. साधारण अकरा ते तीन या वेळेतले काम शक्य तेवढे सकाळी किंवा उतरत्या उन्हात घ्यावे. घड्याळ नसले तरी चालेल. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की झाडाखाली जायची वेळ झाली, एवढे लक्षात ठेवावे. आपल्या उसाची तोडणी करणारी माणसे तर दिवसच्या दिवस उन्हात असतात. त्यांच्यासाठी फडाजवळ सावली आणि पाणी ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

केव्हा आणि कोठे दाखवावे

चेहऱ्यावरची, कानावरची किंवा ओठावरची जखम महिनाभरात भरली नाही; खपली त्याच जागी पुन्हा पुन्हा धरते; डाग वाढतो, रंग बदलतो, त्यातून रक्त येते; जुना वण फुटतो, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट पाहू नये. "दुखत नाही ना, मग कशाला दवाखाना?" असे आपण म्हणतो, आणि घोटाळा इथेच होतो. हा रोग सुरुवातीला दुखत नाही.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, येथे त्वचारोग विभाग आहे. 1956 पासून हे महाविद्यालय मराठवाड्याची सेवा करीत आहे. कर्करोगाचा संशय आला तर शहरातच शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. प्रत्येक वेळी मुंबई गाठायलाच हवी असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील पुष्कळ उपचार बसतात. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावे आणि योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. उसाच्या हप्त्याचे पैसे पाटी पाहून लेसरवर घालण्यापूर्वी एवढी चौकशी करणे आपल्या हिताचे आहे.

तरी सर्व सभासदांना आमची विनंती आहे की, या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना अंगणात उजेडात बसवावे. त्यांचे कपाळ, नाक, कान, ओठ, टक्कल आणि हाताची पाठ डोळ्यांनी पाहावी, बोटाने चाचपावी. काही खरखरीत, न भरणारे, नव्याने वाढलेले आढळले तर त्यांना घेऊन दवाखान्यात जावे. काही नसले तर उत्तमच. त्यांच्या टोपीवर एक उपरणे द्यावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे.